गार्दाला विमानतळ नाही

१६ ऑक्टोबर, सोमवार

शी! आज माझ्या वाट्याला गार्दा आलं.

यादी वरून खाली उतरत असते. सकाळी लक्झेंबर्ग ते गेंट झालं, लक्झेंबर्ग ते ग्दान्स्क झालं, आणि जेवणानंतर एकदम — लक्झेंबर्ग ते गार्दा. आईचं गार्दा, पोर्तुगालमधलं. डोंगरावरचं, कुडकुडणारं, काळपट दगडाच्या चर्चचं. त्याच्या पलीकडे, स्पेनच्या अंगाला, आमचं गाव. लहानपणी दर ऑगस्टात बाबांच्या गाडीतून गेलेय तिथे. एक दिवस, एक रात्र, पाय आजीसाठी घेतलेल्या कॉफीच्या पुड्यांवर.

आमच्या संकेतस्थळाच्या पानांचा साचा एकच. वर दोन शहरांची नावं, खाली त्यांच्यामधलं अंतर, त्याखाली विमानाला लागणारा वेळ. अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर एका शहरातून दुसऱ्यात ओढलेली सरळ रेघ. ओदिल — माझ्या शेजारी बसते, फ्रेंच पानं लिहिते — तिला कावळ्याची रेघ म्हणते. त्या रेघेला विमानाच्या वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालायचा, झाला प्रवास! तेवढं संगणकच करतो. आम्ही खाली दोन परिच्छेद लिहायचे, वाचणाऱ्याला लगेच तिकीट काढावंसं वाटेल असे. मी पोर्तुगीज पानं लिहिते. त्यासाठीच घेतलंय मला.

गार्दाचं उत्तर आलं — १४६० किलोमीटर, दोन तास वीस मिनिटं.

गार्दाला विमानतळ नाही! कधी नव्हताच! विमान उतरणार कुठे, चर्चच्या मनोऱ्यावर?

ईव्हला सांगितलं. ईव्ह थिलेन, आमचा मालक. ‘मला तू म्हण’ म्हणतो. माझ्या जिभेवर येत नाही. माझ्या टेबलाच्या कडेवर बसून संत्रं सोलत होता. म्हणाला, ‘आपण विमानं सोडत नाही, लिलियाना. पानं सोडतो.’ स्वतःच हसला. सालं माझ्या टेबलावर ठेवली, बोटं माझ्या खुर्चीच्या पाठीला पुसली आणि गेला.

सालं मी उचलली. पान लिहिलं. ‘गार्दात उतरताच’ असं न लिहिता ‘गार्दात पोचताच’ असं लिहिलं. म्हणजे खोटं नाही, असं मनाला सांगितलं. मनाने ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत हाताला त्या सालांचा वास येत होता.

१८ ऑक्टोबर

पान लागलं. तळाशी माझं नाव. बाबांच्या आडनावासकट.

ओदिल म्हणाली, ‘अभिनंदन! तू एक विमानतळ बांधलास.’ तिचं घर सरहद्दीपलीकडे, फ्रान्समध्ये. ‘कावळ्याला माझ्या घरून इथे यायला एक डुलकी पुरते. मी रोज पुढच्या ट्रकचा नंबर पाठ करत येते.’ मग हळूच — ‘हे बघ, ओकारी पहिले काही आठवडेच येते. पुढे पोट सरावतं.’

माझं पोट सरावायला नको. पण नोकरीच्या चाचणीचे महिने डिसेंबरात संपतात. तोवर तोंड मिटून बसायचं. आमच्या घरात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिली. आई चौथीपर्यंत. बाबा तेवढेही नाहीत. आजी तर अजून अंगठा उठवते. नोकरी गेली तर ती एकट्या माझी जाणार नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आईला पान सापडलं! मी दाखवलं नव्हतं.

घराखाली झुल्मिराबाईंची बेकरी आहे. लक्झेंबर्गमधल्या आमच्या या एश गावातल्या पोर्तुगीज बायकांचं खरं चर्च तेच. मी संध्याकाळी पाव घ्यायला गेले तर आई काउंटरपाशी उभी, झुल्मिराबाईंचा फोन हातात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मोठ्याने वाचत होती. आई वाचते तेव्हा बोट आणि ओठ बरोबरीने चालतात.

‘“डोंगरावरची गार हवा आणि चुलीच्या धुराचा वास तुमचं स्वागत करतो.” हे तू लिहिलंस, लिली?’

‘हो.’

‘धुराने खोकला येतो ते नाही लिहिलंस?’

सगळी रांग हसली. मग आईचं बोट आकड्यावर आलं. ‘दोन तास वीस मिनिटं! अगं बाई. म्हणजे बँकेचे दोन मजले पुसून होतात तेवढ्यात?’

झुल्मिराबाई म्हणाल्या, ‘देओलिंदाबाई, आता काय, सकाळी फरशी पुसायची आणि दुपारी आईच्या हातचं जेवायचं!’

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आई रांगेतल्या प्रत्येकीकडे बघत होती. आणि एकेकीला तळाचं नाव दाखवत होती. असा चेहरा मी तिचा माझ्या पदवीच्या दिवशी पाहिला होता, मग कधी नाही. मी पाव घेतला. वर आले. 

२२ ऑक्टोबर, रविवार

अदेरितुमामाचा फोन. आजी पडली. कंबरेचं हाड.

कशी पडली तर — बाबांची कबर घासताना. सगळ्या संतांच्या दिवसाआधी गावातल्या बायका आपापल्या माणसांच्या कबरी ब्रशने घासतात, मग फुलं वाहतात. आई इथे, म्हणून बाबांची कबर इतकी वर्षं आजीच घासते. जावयाची! या वयात! आणि मामाचे घोड्याएवढे दोन मुलगे कॅफेत पत्ते कुटत बसतात.

मामाचा कॅफे आजीच्या दारासमोर. त्याच्या खिडकीतून आजीची चूल दिसते. तरी फोनवर म्हणतो कसा — ‘ताई, तू ये. बाईमाणसाचं काम आहे. माझ्या बायकोला आईचं उचलणं-ठेवणं जमायचं नाही, तिची पाठ धरते. आणि आता लांब कुठे? दोन तास! सगळ्या गावाने वाचलंय. तुझ्याच लेकीने लिहिलंय ना!’

शिसारी आली. मामाची, त्याच्या बायकोच्या पाठीची, आणि त्या ‘तुझ्याच लेकीने’ची.

२५ ऑक्टोबर, बुधवार

आई जाणार म्हणते. चार दिवसांसाठी नाही — कायमची. आजी आता उठून चालेल असं नाही. आई गेली नाही तर मामा तिला चर्चच्या वृद्धाश्रमात टाकणार.

आज कामावरून आली ती बूटही न काढता खुर्चीवर बसली. म्हणाली, ‘मला एकच घोर होता, तुझा. तुला इथे एकटीला टाकून जायचं म्हणजे... बाबा असते तर गोष्ट वेगळी. पण आता मी विचार केला. तू दर रविवारी ये. सकाळी निघ, जेवायला गावात. कोबीचं सूप गरम ठेवीन. संध्याकाळच्या विमानाने परत. ओदिलचं घर आहे त्याहून मी काही लांब नाही!’

बाबा गेले तेव्हा त्यांची शवपेटी रस्त्याने गेली. आई तिच्या मागून, फिर्मिनुकाकांच्या गाडीत. दर आठवड्याला इथून गावाकडे माणसं, खोकी, शिवणयंत्रं, कुत्री, सगळं नेणारी ती पांढरी गाडी. विमानात आई आयुष्यात बसलेली नाही. रस्ता तिला पाठ आहे. आकाशातलं तिला काय माहीत? तिथलं तिला मी सांगितलं. माझ्या नावानिशी.

२६ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

आज दिवसभर घरात. आई चर्चला गेली, मी गेले नाही.

नीट लिहून बघते. खरं सांगितलं तर आई जाणार नाही. तिला वाटतं आपण दर रविवारी भेटणार. ते तसं नाही असं कळलं तर ती मला सोडून हलणार नाही, मी ओळखते तिला. आजी वृद्धाश्रमात जाईल. नाही सांगितलं तर आई जाईल — नोकरी सोडून, खोली सोडून, माझ्या खोट्याच्या भरवशावर. आणि पहिल्याच रविवारी टेबलावर दोन ताटं मांडून बसेल.

मग सांगायला हवं, नाही का? खोटं ते खोटं.

पण मला आई इथे हवी आहे. हे कागदावर आलं, बरं झालं. सकाळी तिच्या किल्ल्यांचा आवाज आला नाही तर मला जाग कशी येईल, मला ठाऊक नाही. म्हणजे मी खरं सांगणार ते खरं आहे म्हणून, की आई राहावी म्हणून? खरं बोलण्यातही अशी घाण मिसळलेली असते हे कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं शिकून हे शिकले. शी!

१ नोव्हेंबर, बुधवार

सगळ्या संतांचा दिवस, सुट्टी. एशच्या दफनभूमीत शेवंतीच्या कुंड्यांची गर्दी. आपलं इथे कुणीच पुरलेलं नाही, तरी आई दर वर्षी जाते आणि कुणाच्या तरी ओसाड कबरीवर एक कुंडी ठेवून येते. ‘इथे मी याचं बघते, तिथे कुणीतरी माझ्याचं बघेल.’

दुपारी मामाच्या धाकट्या मुलाने फोटो पाठवला. उपकार! बाबांची कबर. दगडाचा वरचा भाग पांढरा, स्वच्छ. खालचा हिरवा, शेवाळलेला. मधोमध ब्रशचा शेवटचा फटकारा दिसतो. आजी तिथेच पडली. नंतर कुणी हात लावलेला नाही.

आईने फोटो बोटांनी मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. ‘अर्धीच राहिली गं,’ म्हणाली.

फोटो काढायला त्या गाढवाला वेळ होता!

३ नोव्हेंबर, शुक्रवार

ईव्हकडे गेले. ‘तुम्ही’च म्हणाले. गार्दाचं पान बदलू द्या. मी एक ओळ टाकते — तिथे विमान उतरत नाही.

त्याने पडद्यावर काहीतरी उघडून दाखवलं. ‘बघ. तुझं गार्दा आपल्या पहिल्या दहा पानांत आहे! सगळे तुमचे लोक बघतात. संत, नाताळ... गोड आहे ते पान. चुलीचा धूर वगैरे. आणि तू ते पाडायला निघालीस?’

‘लोक त्यावर विश्वास ठेवतात.’

‘कोण ठेवतं? शाळकरी मुलं अंतर बघतात. तिकीट काढताना कळतंच माणसाला. आणि एक बदललं की सगळी बदलायला लागतील. तुला माहीत आहे का आपल्या अर्ध्या शहरांत विमानतळ नाही ते?’

हे तो अभिमानाने म्हणाला!

मग आवाज मऊ करून — ‘तुझा कणवाळू स्वभाव मला आवडतो. डिसेंबरात आपण बोलूच.’ आणि खांद्यावर थोपटलं. घरी येऊन तो सदरा थेट धुवायला टाकला. एकदाच घातला होता.

६ नोव्हेंबर, सोमवार

बदललं.

कुणाला न विचारता. सकाळी सगळे कॉफीच्या यंत्राभोवती होते तेव्हा. आकडा काढला. लिहिलं — ‘गार्दाला विमानतळ नाही. पोर्तोपर्यंत विमानाने जा, तिथून बस, आणि पुढे गावात जायचं असेल तर कुणाची तरी गाडी. सकाळी निघालात तर अंधार पडताना पोचाल. बस चुकली तर दुसऱ्या दिवशी. जेवायला जाऊन त्याच दिवशी परत येता येणार नाही.’

शेवटचं वाक्य कुठल्याच प्रवाशासाठी नव्हतं. ओदिलने माझ्या खांद्यावरून वाचलं.  तिच्या डब्यातलं अर्धं आंबट सफरचंद माझ्यापुढे ठेवलं.

७ नोव्हेंबर

आईला मीच दाखवलं. बेकरीत नाही, घरी. समोर बसून.

बोट चाललं, ओठ चालले. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं. 

‘आधीचं खोटं होतं?’

‘हो.’

‘आणि हे खरं?’

‘हो, आई.’

‘दोन्हींखाली नाव तर तुझंच आहे.’

चष्मा काढून मिटून ठेवला. उठली, खारवलेला मासा भिजत घातला होता त्याचं पाणी बदललं. पाठमोरीच म्हणाली, ‘मी झुल्मिराला काय सांगू?’

त्या एका वाक्याने जेवढं लागलं तेवढं ती चार शिव्या देती तरी लागलं नसतं.

९ नोव्हेंबर

काल आईने मामाला फोन केला. ‘नाही येत.’ पलीकडून मामाचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता. ‘दोन तासांवरून आई बघायला येववत नाही तुला? तिकडे राहून राहून काळीज गोठलं का?’ आईने त्याला विमानतळाचं सांगितलं नाही. ‘दोन तास नाहीत’ असंही सांगितलं नाही. ऐकून घेतलं सगळं.

माझं नाव झाकलं तिने! मामाच्या शिव्या खाऊन!

रात्री मला शांत झोप लागली. आई राहणार म्हणून. सकाळी आठवलं तेव्हा स्वतःचीच किळस आली, दात घासताना आरशात बघवेना.

११ नोव्हेंबर, शनिवार

संत मार्तिन्युचा दिवस. चेस्टनट भाजायचे. आई दर वर्षी एकेकाला सुरीने चीर देते. चीर दिली नाही तर ते तव्यावर फुटतात. आज तिने चीर न देताच पसाभर टाकले. फटाफट फुटायला लागले, सालं छताला उडाली, एक माझ्या गालाला चाटून गेलं. आई नुसती बघत राहिली. मी गॅस बंद केला.

‘आजीने फोनवर काय सांगितलं, आई?’ सकाळी तिचं बोलणं झालं होतं.

‘रडत होती. हाड दुखतं म्हणून नाही. म्हणाली, आश्रमात नेलं की कबरीचं कोण बघणार. अर्धी ठेवून आले, जावई काय म्हणेल.’

‘बाबा काय म्हणणार आहेत!’

‘तेच मी सांगितलं. तर म्हणते, तुला काय कळतं, तू लांब.’

काजळलेले चेस्टनट आम्ही खाल्ले. कडू.

१३ नोव्हेंबर, सोमवार

ईव्हला कळलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. खुर्ची ओढून शेजारी बसला, गुडघे माझ्या गुडघ्यांना लागतील इतका जवळ. मी खुर्ची मागे घेतली.

‘बघ, तुझ्या ओळीमुळे लोक पानावरून लगेच निघून जातात. तुला कुणाला दुखवायचं नाही, मला कळतं. मलाही नाही. मी जुनं परत लावतोय. विसरून जाऊ आपण.’

माझ्या देखत लावलं. दोन तास वीस मिनिटं. एक बटण. बदलायच्या आधी शनिवार-रविवार मी ज्याच्यासाठी झोपले नाही ते एका बटणात!

मी म्हटलं, ‘मग माझं नाव काढा.’  

‘नाव? नाव काय करायचंय कुणाला!’ हसला. काढलं. ‘संपादक मंडळ’ आलं त्या जागी. मंडळ म्हणजे ईव्ह आणि त्याची संत्री.

नाव गेलं. आकडा राहिला. हे जिंकणं म्हणायचं का?

१४ नोव्हेंबर

ओदिल म्हणाली, ‘तुझं पोट काही सरावणार नाही. दुसरी नोकरी बघ.’ चेष्टा करत नव्हती. बघते आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आई कॉफी ओतत होती. म्हणाली, ‘फिर्मिनुच्या गाडीत शनिवारची जागा आहे. मी सांगितलं, ठेव.’

कप हातातच राहिला माझ्या. ‘पण तू तर नाही म्हणाली होतीस. आई, ते लांब आहे.’

‘मला शिकवू नकोस लांब काय असतं ते. मी पहिल्यांदा आले तेव्हा तू पोटात होतीस आणि मी फ्रान्सभर ओकत आले.’

‘मी दर रविवारी येऊ शकणार नाही.’

‘वाचलं मी. बोट ठेवून वाचलं.’

‘मग?’

‘मग काय! माझी आई तिथे आडवी पडली आहे आणि तुझे बाबा अर्धे शेवाळलेले आहेत. तू उभी आहेस. तुला दोन पाय आहेत, डोकं आहे, चांगली नोकरी आहे—’

‘चांगली नाही, आई. घाणेरडी आहे.’

‘मग सोड. मी काय नेहमी स्वच्छ जागीच काम केलं? लोकांची घाण मी पुसत आले. तुझ्या अंगाला मात्र ती लागू द्यायची नाही, एवढंच बघितलं.’ मग जरा थांबून, कपात बघत — ‘मला आपलं वाटलं होतं, निघालं असेल विमान. सगळीकडे निघालीत. इथे बसून सहज खरं वाटत होतं गं.’

मी खरं सांगितलं म्हणून ती थांबली नाही. मी खोटं लिहिलं म्हणून ती निघाली नव्हती. मग मी इतके दिवस स्वतःला कशासाठी ओरबाडत होते? ती जाणारच होती. तिला जाताना हाताशी धरायला काहीतरी हवं होतं, आणि ते मी तिच्या हातातून काढून घेतलं. खरेपणा म्हणून.

आज ईव्हची किळस येत नाही. जागा शिल्लक नाही.

२१ नोव्हेंबर

आईने बँकेतून आपला ब्रश आणला. कडक केसांचा, लाकडी मुठीचा. ‘चोरला नाही, मागून घेतला. इतकी वर्षं झाली, एक ब्रश नाही देणार?’ बादलीत ठेवून, वर फडकं बांधून, दाराशी.

२३ नोव्हेंबर

घर आधीच रिकामं वाटतं. ती अजून इथेच आहे, स्वयंपाकघरात, मासा तळते आहे. तरी.

२५ नोव्हेंबर, शनिवार

उजाडायच्या आत एशच्या स्टेशनासमोर. गाडीत एक शिवणयंत्र, दोन म्हातारे, पिंजऱ्यात एक पोपट. फिर्मिनुकाकांनी आईची बादली बघून कपाळाला हात लावला. ‘देओलिंदाबाई, गावात बादल्या मिळत नाहीत का?’

‘मिळतात. पण त्या माझ्या नाहीत.’

‘विमानाने जायचं होतं मग. लेकीने लिहिलंय म्हणे, दोन तासांत!’ झुल्मिराबाईंच्या बेकरीचा वास सगळ्यांच्या अंगाला येतो.

 आई गाडीत चढता चढता म्हणाली, ‘विमानात ब्रश नेऊ देत नाहीत. घासून काढीन म्हणून घाबरतात.’ म्हातारे हसले. मीही हसले. दार सरकून बंद झालं.

तिने काचेतून काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही. काच पुसली, पुन्हा म्हणाली. तरी नाही. मी मान डोलावली. कशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही.

घरी ओट्यावर कोबीचं सूप झाकून ठेवलेलं. दोघींना पुरेल एवढं.

२६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आईचा निरोप आला, आवाजाचा. काल पहाटे निघालेली.

‘लिली, पोचले गं. बरोबर दोन तास वीस मिनिटं लागली. घड्याळ लावून बघितलं मी. तुझं आधीचंच बरोबर होतं.’ मागे फिर्मिनुकाका ओरडत होते — ‘बाई, बादली घ्या! कंबर मोडली माझी, यंदा फ्रान्स संपता संपत नव्हतं!’ मग थोडा वारा. मग आईच, फोनच्या अगदी जवळ — ‘रविवारी ये.’

पुन्हा ऐकलं. मग लिहिलं, ‘येते.’

कुठल्या रविवारी, ते लिहिलं नाही.